धावपट्टीशेजारची छोटी विमाने

वास्कोत शाळा शिकलेल्या माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, वर्गातल्या बाई अर्ध्या वाक्यावर थांबत असत. डोक्यावरून नौदलाचे विमान जाई, तावदाने थरथरत, बाई खडू हातात धरून उभ्या राहत आणि आवाज बोगमाळ्याच्या बाजूला विरला की उरलेले वाक्य पुरे करत. तेवढ्या अवकाशात आमच्या चिठ्ठ्यांची देवाणघेवाण उरकून जाई. पुण्या-कोल्हापूरहून पाहुणे आले की ते गॅलरीत धावत. आम्ही मात्र मानही वर करत नसू. आवाजावरूनच सांगायचो, हे सी हॉक, हे अलिझे. १९८३च्या डिसेंबरात सी हॅरियर दाबोळीला उतरले, तेव्हा मात्र आम्हीही गच्चीवर चढलो. हवेत जागच्या जागी उभे राहणारे विमान म्हणजे काय, ते कानांनी नीट कळत नव्हते.

अशा या गावात एखाद्या मुलाला स्वतःच्या हाताने छोटे विमान उडवायला शिकवायचे असेल, तर त्याला दोन नद्या ओलांडून दुसऱ्या तालुक्यात न्यावे लागते. चाळीस वर्षांपूर्वीही न्यावे लागत होते आणि आजही लागते. रेडिओच्या लहरींवर चालणाऱ्या छोट्या विमानांचा हा इतिहास सांगताना आमच्या मुरगावची ही अडचण मी मध्येमध्ये आणणार आहे. कारण या छंदात विमानाइतकीच जमीनही लागते.

आधी थोडे मागे जाऊ. माणूस विमानात बसला त्याच्या कितीतरी आधी विमान एकटे उडाले होते. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्युइलरी बागेत आल्फोन्स पेनो या विशीतल्या तरुणाने रबराच्या पिळावर चालणारे छोटे विमान सोडले. ते अकरा सेकंदांत सुमारे चाळीस मीटर गेले. शेपटीचा छोटा आडवा पंख किती कलता ठेवला म्हणजे विमान आपोआप तोल सावरते, हे त्याने त्या खेळण्यातून दाखवले. आजही मुलांना शिकवताना आपण तीच गोष्ट सांगतो. पुढे १८७८ साली अमेरिकेत राइट घराण्यातल्या वडिलांनी दोन मुलांसाठी असेच एक खेळणे आणले. बांबू, बूच, कागद आणि रबराचे, छतापर्यंत उडणारे. त्या दोन मुलांनी १९०३ साली काय केले ते सर्वांना माहीत आहे. खेळणे घेऊन देणाऱ्या बापाचे नाव मात्र सहसा कुणी घेत नाही.

दुसरा धागा रेडिओचा. १८९५ साली कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी तारेशिवाय, भिंतींपलीकडे घंटा वाजवून आणि दारू उडवून दाखवली. १८९८ साली न्यूयॉर्कला निकोला टेस्लाने पाण्याच्या हौदात छोटी बोट दुरून वळवून दाखवली, तेव्हा बघ्यांना त्यात जादू वाटली. हे दोन धागे विमानात एकत्र यायला आणखी चाळीस वर्षे गेली. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी १९३७ साली 'गफ' नावाचे विमान रेडिओने उडवले. त्यांच्या त्या विमानाला आता स्मिथसोनियन संग्रहालयात जागा मिळाली आहे. ब्रिटनमध्ये त्याच सुमारास, १९३५ साली, टायगर मॉथ विमानाला रेडिओ जोडून तोफखान्याच्या नेमबाजीसाठी बिनवैमानिकाचे लक्ष्य तयार केले गेले. त्याचे नाव 'क्वीन बी', म्हणजे राणीमाशी. 'ड्रोन' हा शब्द त्या राणीमाशीच्या नर सोबत्यावरून रूढ झाला असे मानतात. म्हणजे खेळ आणि शस्त्र दोन्ही एकाच काळात जन्मले. आज छंदवाल्यांना ज्या नियमांचा जाच वाटतो, त्याचे मूळ इथपर्यंत जाते.

आपल्याकडे हा जाच आणखी जुना आहे. १९३३च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणेही गुन्हा होता. त्यामुळे स्वातंत्र्यानंतर कितीतरी वर्षे भारतातली मुले छोटी विमाने शिकली ती दोऱ्यांवर. याला कंट्रोल लाइन म्हणतात. मुलाच्या हातात एक मूठ, तिच्यापासून पंधरावीस मीटर लांबीच्या दोन बारीक पोलादी तारा आणि तारांच्या टोकाला मुलाभोवती गरगर फिरणारे विमान. मूठ मागे कलती केली की वर, पुढे केली की खाली. डावे-उजवे काही नाही. कोलकात्यात बनणाऱ्या 'अरोरा' डिझेल इंजिनांवर एका पिढीने बोटे सोलून घेतली. पंखा बोटाने फिरवून इंजिन चालू करायचे आणि इंजिन उलटे उसळले की तोच पंखा बोटावर बसायचा. इंधन ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांचे मिश्रण. मुलाला शिकवताना गुरू त्याच्या पाठीशी उभा राहून मुठीवर हात ठेवी आणि दोघे मिळून गरगरत. दहा फेऱ्यांनंतर विमान उतरायच्या आधी शिष्यच जमिनीवर बसे.

या शिक्षणाला आधार मिळाला तो राष्ट्रीय छात्र सेनेचा. एनसीसी १९४८ची. तिची हवाई शाखा १ एप्रिल १९५० रोजी मुंबई आणि कोलकाता इथल्या तुकड्यांनी सुरू झाली. विमानाचे मॉडेल बनवणे आणि उडवणे हा तिच्या शिक्षणाचाच भाग. आजही वायुसैनिकांच्या अखिल भारतीय शिबिरात त्याच्या स्पर्धा होतात. आमच्या गोव्यात पोरांना ओढ लावी ती नौदल शाखा, आणि तिथे मॉडेल बनत जहाजांचे. त्यात गैर काही नाही, बंदराच्या गावातल्या पोरांनी जहाजेच करायची. पण ज्या मुलाचे लक्ष वर होते, त्याला गणवेश घालूनही विमान मिळत नव्हते.

वर लक्ष असण्याची कारणे मुरगावात भरपूर होती. दाबोळीचा विमानतळ पोर्तुगीजांनी १९५५ साली उघडला आणि त्याला आपल्या गव्हर्नर जनरलचे, बेनार गेदिशचे, नाव दिले. भारताने नाकेबंदी केली होती, रेल्वे थांबली होती. दमण, दीव, कराची गाठायला 'ताइप' नावाची सरकारी विमानसेवा त्यांनी उभी केली. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी धावपट्टीवर बाँब टाकले, इमारती मुद्दाम वाचवल्या. त्याच रात्री उखडलेल्या पट्टीचा शाबूत तुकडा वापरून दोन प्रवासी विमाने अंधारात निसटली आणि कराचीला गेली. त्या तुटपुंज्या लांबीवरून ती कशी उठली असतील, याचा विचार करताना आमच्या पिढीतल्या निम्म्या मुलांना वैमानिक व्हावेसे वाटले. १९६२ साली तळ नौदलाकडे आला आणि १९६४ साली 'हंसा' कोइंबतूरजवळच्या सुलूरहून इथे आला. तेव्हापासून आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळचे आकाश नौदलाचे, हे वास्कोकरांना घड्याळासारखे पाठ आहे.

हंसाबरोबर मराठी माणसेही आली. बंदर आणि रेल्वेमुळे बरीच आधीच आली होती. आमच्या शेजारी राहणारे अण्णा नौदलातून निवृत्त झालेले तंत्रज्ञ, मूळचे गडहिंग्लजकडचे. नाव छापू नका असे त्यांनी एकदा बजावले होते, म्हणून नुसते अण्णा. त्यांच्या बोलण्यात दर दहा मिनिटांनी डॉ. वि. मा. घाटगे येत. घाटगे हसूरचंपूचे, १९०८ सालचा जन्म. जर्मनीत ग्योटिंगेनला वायुगतिशास्त्राचे पितामह लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली आणि बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये १९४१ साली दहा माणसांचे ग्लायडर केले. पुढे एचटी-२ हे पहिले भारतीय बनावटीचे शिकाऊ विमान त्यांचेच, ते १९५१ साली उडाले. 'किरण' जेटच्या आराखड्याचे कामही त्यांच्याच नेतृत्वाखाली सुरू झाले. दाबोळीच्या आकाशात किरण घिरट्या घालू लागले की अण्णा कमरेवर हात ठेवून म्हणायचे, "आमच्या गावाशेजारचं विमान चाललंय बघ." पुढे २००३ साली याच किरणांचे नौदलाचे 'सागर पवन' कसरती पथक दाबोळीला उभे राहिले. २०१०च्या मार्चमध्ये हैदराबादला त्याच्या अपघातात दोन वैमानिक गेले, आणि वास्कोतल्या कितीतरी घरांत त्या दिवशी रेडिओही कुणी लावला नाही.

अण्णांकडे एक रेडिओ संच होता आणि त्याचे परवान्याचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ते कायम बरोबर ठेवत. पण वास्कोत त्यांनी तो कधी चालू केला नाही. मी एकदा विचारले, हेडलँडच्या सड्यावर उडवू या का? त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी पुन्हा विचारले नाही. ज्यांनी सेवेत धावपट्टी झाडताना एकेक खडा वेचला होता, त्यांना त्या पट्टीच्या आसपास काहीही उडवणे पापच वाटे.

म्हणून आम्ही डिचोलीला जायचो. ही गोष्ट १९८७-८८ची. झुआरीवर नुकताच पूल झाला होता. मांडवीवरचा पूल मात्र १९८६च्या जुलैत कोसळलेला. अण्णांची स्कूटर जुन्या गोव्याला फेरीत चढे, दिवाडी बेट ओलांडून दुसऱ्या फेरीने नार्व्याला उतरे. विमानाचे पंख जुन्या चादरीत गुंडाळून माझ्या पाठीला बांधलेले. फेरीतल्या बायका विचारत, "हें कितें रे?" अण्णा गंभीरपणे सांगत, "मखर." नार्व्याला सप्तकोटेश्वराला लांबूनच हात जोडायचे. शिवाजी महाराजांनी १६६८ साली जीर्णोद्धार केलेले देऊळ, तिथे न थांबता पुढे जाणे अण्णांना जड जाई, पण ऊन चढायच्या आत आणि समुद्रावरचा वारा सुटायच्या आत उडवायचे असे. मग डिचोलीच्या एखाद्या सड्यावर, गुरे नाहीत अशी जागा बघून, आम्ही पंख बांधायला घेत असू.

सडा म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. जांभ्या दगडाचे सपाट पठार, पावसात फुलांनी भरणारे आणि दिवाळीनंतर सोनेरी गवताचे. धावपट्टीला यापेक्षा चांगली जमीन देवाने केलेली नाही. तार नाही, माड नाही, घर नाही. मात्र गवतात लपलेला एखादा दगड असतोच, आणि विमानाचे चाक नेमके तोच शोधते.

शिकवण्याची रीत सांगतो, कारण माझ्या मते या छंदाचा खरा इतिहास तिच्यातच आहे. विमाने बदलली, रेडिओ बदलले, शिकवण्यातली अडचण तीच राहिली. हातातल्या ट्रान्समीटरवर दोन काठ्या असतात. त्यांनी चार गोष्टी हलतात: इंजिनाचा वेग, नाक वर-खाली करणारा एलेव्हेटर, शेपटीचा रडर आणि पंखांवरचे एलेरॉन. विमान आपल्यापासून दूर जात असते तोवर सारे सोपे असते, उजवी काठी उजवीकडे केली की विमान उजवीकडे. विमान वळून आपल्याकडे येऊ लागले की त्याचे उजवे ते आपले डावे होते. नवख्याची सगळी विमाने याच क्षणी मरतात. माझेही मेले. काजूच्या बागेत, तिसऱ्याच दिवशी. अण्णा काही बोलले नाहीत. बालसा लाकडाचे तुकडे वेचून त्याच चादरीत बांधले आणि परतीच्या फेरीत फक्त एवढेच म्हणाले, "डावं-उजवं आठवू नको. जो पंख खाली झुकतोय, त्याच्याखाली काठीचा टेकू दे." विमान तुमच्याकडे येत असताना काठी झुकलेल्या पंखाच्या बाजूला सरकवली की तो पंख उचलला जातो. जगभर शिकवणारे ही युक्ती सांगतात. मला ती पिएदादच्या धक्क्यावर कळली.

त्या काळी ट्रान्समीटर एकच. विमान बिघडू लागले की गुरूला तो शिष्याच्या हातातून हिसकावून घ्यावा लागे. त्या अर्ध्या सेकंदात विमान पन्नास फूट खाली येई. नंतर दोन ट्रान्समीटर वायरीने जोडायची सोय आली, तिला बडी बॉक्स म्हणतात. गुरूच्या यंत्रावर एक खटका असतो. तो दाबून धरला की विमान शिष्याचे, सोडला की त्याच क्षणी गुरूचे. शिष्याला कधी कळतही नाही की मधली दोन वळणे आपण घेतलेलीच नव्हती. आईबापांनी हे यंत्र एकदा जरूर बघावे. खटका कधी सोडायचा यापेक्षा किती उशिरापर्यंत न सोडता थांबायचे, हे शिकवणाऱ्याचे खरे कसब आहे. लवकर सोडणाऱ्याचे विमान वाचते, पण मूल शिकत नाही.

रेडिओच्या लहरींची भानगड वेगळीच. जुन्या संचांत प्रत्येकाचा ठरावीक तरंग असे, छोट्या स्फटिकावर ठरलेला. मैदानात दोघांचा तरंग एक झाला आणि दुसऱ्याने न विचारता आपला संच चालू केला, की पहिल्याचे विमान दगडासारखे पडे. म्हणून क्लबांच्या मैदानावर एक फळी असे. ज्या तरंगाचा चिमटा तुमच्या हातात, त्यानेच संच चालू करायचा. मुलांना शिस्त लावायला चिमट्याची ही पद्धत पुष्कळ उपदेशांपेक्षा बरी होती. २००५ साली भारत सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याच्या जाचातून मोकळा केला. या पट्ट्यातले नवे संच आपापले तरंग स्वतः बदलत राहतात, एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. चिमटे गेले. त्याच सुमारास लिथियमच्या हलक्या बॅटऱ्या, ब्रश नसलेल्या मोटरी आणि फोमचे पंख आले, नि छंद स्वस्त झाला. इंजिनाचा गोंगाट गेला आणि सदऱ्याला चार धुण्यांनंतरही येणारा एरंडेलाचा वासही गेला. त्या वासाची आठवण काढणारा मी घरात एकटाच आहे.

आता मूल आधी संगणकावरच्या सिम्युलेटरवर शंभर विमाने फोडते आणि मग मैदानात येते. हे मला मनापासून आवडते. अण्णांना आवडले नसते, कारण काजूच्या बागेतून तुकडे वेचण्याला ते शिक्षणाचाच भाग मानत.

मग अडचण कुठे उरली? जमिनीत. २०२१च्या ऑगस्टमध्ये ड्रोन नियम आले. त्यांत रेडिओवर चालणारी छोटी विमानेही येतात. देशाच्या नकाशावर हिरवे, पिवळे आणि लाल पट्टे आखले गेले. विमानतळाच्या हद्दीपासून बारा किलोमीटरपर्यंत पिवळा, आणि अगदी जवळ लाल, जिथे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काही उडवता येत नाही. नियम मुलांच्या बाजूनेही आहेत: अडीचशे ग्रॅमपर्यंतच्या विमानाला आणि व्यवसायासाठी नसलेल्या दोन किलोपर्यंतच्या विमानाला वैमानिकाचा परवाना लागत नाही. पण नकाशावर दाबोळीभोवती बारा किलोमीटरचे वर्तुळ काढून बघा. वास्को, चिखली, बोगमाळो, सांकवाळ, कुठ्ठाळी, जवळजवळ अख्खा मुरगाव तालुका आत येतो. बंदर आणि नौदल आहेत ते वेगळेच. झुआरीनगरला २००४ साली बिट्स पिलानीचा परिसर आला. अभियांत्रिकी शिकणारी हुशार मुले तिथे विमानतळाच्या अगदी शेजारीच राहतात. त्यांनाही हे वर्तुळ चुकत नाही. याबद्दल माझी तक्रार नाही. उतरणाऱ्या विमानात दीडशे माणसे असतात.

दुसरे वर्तुळ नवे आहे. पेडण्याच्या मोपाच्या सड्यावर आम्ही १९९०च्या सुमारास दोनदा गेलो होतो, सावंतवाडीला जाताना वाट वाकडी करून. नजर पोहोचेल तिथपर्यंत सपाट. अण्णा म्हणाले होते, "इथं खरं विमानसुद्धा उतरेल." ते तसेच झाले. २०१६ साली पायाभरणी, ११ डिसेंबर २०२२ रोजी मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन आणि ५ जानेवारी २०२३पासून उड्डाणे. सड्यावरच्या धनगरवस्तीला जागा सोडावी लागली, तिच्यापुढे आमचे दुःख ते काय. पण गोव्यातले विमान उडवायला सर्वात चांगले पठार विमानतळ झाल्यामुळे छोट्या विमानांना बंद झाले, हेही खरेच आहे.

राहिली डिचोली. शहराच्या बाजूचे सडे मोपापासून आणि दाबोळीपासून, दोन्हीकडून बारा किलोमीटरच्या बाहेर पडतात. मी नकाशावर मोजून पाहिले आहे. तिथे खाणी होत्या. २०१२ साली उत्खनन थांबले, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने खाणपट्टे रद्द केले, आणि आता पुन्हा हालचाल आहे. एखादा सडा कुणाच्या मालकीचा, कुणाच्या पट्ट्यातला, हे जाण्याआधी पंचायतीत विचारावे. डिजिटल स्काय नकाशा त्याच दिवशी पुन्हा पाहावा, कारण पट्टे बदलू शकतात. वारा दसऱ्यानंतर सकाळी दहापर्यंत चांगला असतो. बॅटरी उन्हात गाडीत ठेवू नये, फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये. आधी ट्रान्समीटर चालू, मग विमान. बंद करताना उलट. आपल्या मंडळातली पाच-सहा मुले तयार झाली, तर एका रविवारी गाड्या काढायला मी, आणि खटका धरायला माझ्यापेक्षा तरुण दोघे तयार आहेत.

तोवर सभागृहात काय करता येते ते आमच्या घरी पाहिले. आमच्या मंडळाने मखराला थर्मोकोल वापरणे बंद केल्यावर उरलेल्या दोन पाट्या माळ्यावर पडून होत्या. माझ्या नातीने त्यातून हातभर लांब पंखांचे ग्लायडर कापले. मोटर नाही, रेडिओ नाही, नुसते हाताने भिरकवायचे. पहिल्या फेकीला ते नाक वर करून, थबकून, शेपटीवर पडले. तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव अंतरावर यायला हवा, हे मी सांगितले. तिने बोटावर तोलून पाहिले आणि म्हणाली, "आजोबा, नाकाला वजन हवं." घरात मूर्तीच्या वेळी चित्रशाळेतून आणलेली थोडी चिकणमाती ओल्या फडक्यात होती. तीन वेळा चिमटी चिमटी वाढवून, एकदा जास्त झाली म्हणून काढून, चौथ्या फेकीला ते दारापासून देव्हाऱ्यापर्यंत गेले.